घेऊन ठेवायला हवी होती!

पार्ल्याला माझ्या एका स्नेह्यांच्या इमारतीच्या आवारात दर रविवारी सकाळी एक बैठक भरते. बैठक म्हणायचे ते केवळ रीत म्हणून. तिथे बसायला काही नसते. मध्यभागी एक जुनी फियाट, तिचे बॉनेट उघडलेले, आणि भोवती पाच-सहा वयस्क गृहस्थ पाठीमागे हात बांधून उभे, असा तिचा थाट. गाडी १९५० नंतरच्या दशकातली. पुढची दारे उलट्या बाजूने उघडणारी, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला, आणि पाठीचा गोलवा असा, की मुंबईकरांनी दिलेले ‘डुक्कर फियाट’ हे नाव तिलाही नाकारता येऊ नये. मंडळी तिच्या पोटात डोकावतात आणि बोलतात. मी त्यांच्यातला नव्हे. मला गाडी चालवता येत नाही, आणि प्लग कोणता व पॉइंट कोणता हे आजवर तिघांनी समजावून सांगूनही माझ्या ध्यानात राहिलेले नाही. मी तिथे जातो तो चहासाठी आणि संभाषणासाठी. चांगले संभाषण ऐकायला मिळाले, की ते कशाविषयी आहे याची माझ्यासारखा वाचनवेडा माणूस फारशी पर्वा करीत नाही.

या संभाषणाला एक ठरलेला घाट आहे, हे हळूहळू माझ्या लक्षात आले. सुरुवात होते कार्ब्युरेटरपासून. तिथून गाडी वळते दुर्मिळ गाड्यांकडे. कुणीतरी फेरारी २५० जीटीओचे नाव काढतो. १९६२ ते १९६४ या काळात त्या अवघ्या छत्तीस निघाल्या. अमेरिकेत तेव्हा किंमत अठरा हजार डॉलरच्या घरात. त्यांतली एक पुढे टेक्सासमधल्या एका शाळेला देणगी म्हणून मिळाली, मुले तिच्यावर इंजिनाची कामे शिकत, आणि १९७२ साली ती साडेसहा हजार डॉलरला विकली गेली. “आणि २०१८ साली तसलीच एक लिलावात कितीला गेली, ठाऊक आहे? चार कोटी चौऱ्याऐंशी लाख डॉलर!” यावर दुसरा कुणीतरी मर्सिडीजचे पान टाकतो. ३०० एसएलआर या जातीच्या बंद टपाच्या गाड्या जगात दोनच. त्यांतली एक २०२२ साली साडेतेरा कोटी युरोला गेली. सगळे क्षणभर गप्प होतात. आणि मग, अगदी नेमाने, कुणीतरी समोरच्या इमारतीकडे पाहत म्हणतो, “ही जागा आमच्या वडिलांना सांगून आली होती. तेव्हाचा भाव काय होता, सांगू?”

तो भाव सांगितला जातो. आजचा सांगितला जातो. दोहोंच्या मधले अंतर जणू मृताच्या वयासारखे सावकाश मोजले जाते. आणि शेवटी एक वाक्य येते, जे या बैठकीचे भरतवाक्यच म्हणायला हवे: “घेऊन ठेवायला हवी होती!” मराठीत गाडीही स्त्रीलिंगी आणि जागाही स्त्रीलिंगी, त्यामुळे उशिराने येणाऱ्याला हळहळ नेमकी कशाबद्दल चालली आहे ते कळतही नाही, आणि कळण्याची जरुरीही भासत नाही.

यंदा मात्र या हळहळीला एक धार आली आहे. इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. नव्या इमारतीत दर बिऱ्हाडामागे गाडीला एकच जागा मिळेल, आणि ती स्नेह्यांच्या मुलाच्या नव्या गाडीने आधीच पटकावली आहे. म्हणजे फियाटचे काय करायचे, हा प्रश्न. गिऱ्हाईक आले आहे. किंमतही बरी देतो आहे. बैठकीतल्या निम्म्या मंडळींचे मत, विकून टाका; उरलेल्यांचे मत, थांबा, आणखी वाढेल. मला या दोन मतांत काही फरकच दिसेना. दोन्ही मतांना गाडीची फक्त किंमत दिसत होती. आणि हे ऐकता ऐकता मला सत्तर वर्षांपूर्वीचा एक चित्रपट राहून राहून आठवू लागला. त्यात दोन मित्र दोन जुनाट गाड्यांपायी हमरीतुमरीवर येतात, आणि त्या गाड्या विकल्या तर काय येईल हा विचार कुणाच्या मनालाही शिवत नाही. त्या चित्रपटाविषयी चार शब्द लिहावेत, म्हणून हा प्रपंच.

चित्रपटाचे नाव ‘जेनेव्हिव’. साल १९५३. दिग्दर्शक हेन्री कॉर्नेलियस, लेखक विल्यम रोज. इंग्रजी विनोदाचा एक निर्मळ नमुना म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. जेनेव्हिव हे कुणा तरुणीचे नाव नसून १९०४ सालच्या डराक बनावटीच्या मोटारीचे नाव आहे, यातच अर्धा विनोद आला. दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी लंडनहून ब्रायटनला जुन्या मोटारींची एक फेरी निघते. १४ नोव्हेंबर १८९६ या दिवशी इंग्लंडात मोटारींवरचा वेगाचा जाचक निर्बंध उठला, ताशी चार मैलांची मर्यादा चौदा मैलांवर गेली, आणि त्या आनंदात मोटारवाले ब्रायटनच्या समुद्रापर्यंत गाड्या हाकीत गेले. ही फेरी त्याची आठवण. १९०५ सालाआधी बनलेल्या गाडीलाच तिच्यात प्रवेश.

कथा एवढीच. अॅलन मॅकिम हा तरुण बॅरिस्टर आणि त्याची बायको वेंडी आपल्या जेनेव्हिवमधून या फेरीला निघतात. त्यांचा मित्र अॅम्ब्रोज आपल्या स्पायकर गाडीतून निघतो; बरोबर त्याची नवी मैत्रीण रोझलिंड आणि तिचा एक अगडबंब कुत्रा. जेनेव्हिव वाटेत रुसते. नवराबायको ब्रायटनला पोचतात तो रात्र झालेली, हॉटेलातली खोली गेलेली, आणि नशिबी येते ते असे एक दळभद्री हॉटेल, जिथे गरम पाणीही ठरल्या तासांतच मिळते. थकवा, मत्सर आणि मद्य यांच्या मिश्रणातून दोघा मित्रांत शंभर पौंडांची पैज लागते: परतताना जो आधी वेस्टमिन्स्टर पूल गाठील तो जिंकला. शंभर पौंड म्हणजे त्या काळच्या सामान्य कामगाराची दहा-अकरा आठवड्यांची कमाई. मग दुसऱ्या दिवशी दोन सभ्य गृहस्थ शाळकरी पोरांनाही लाजवतील अशा लबाड्या करीत, एकमेकांच्या इंजिनांत खोड्या काढीत लंडनकडे धावतात.

हे सारे हलकेफुलके आहे, आणि ते तसे ठेवणे फार अवघड असते. विनोदी चित्रपटाला एक धोका नेहमी असतो. पात्रांचे वेड प्रेक्षकाला मूर्खपणाचे वाटले तर तो त्यांना हसतो, पण त्यांच्याबरोबर हसत नाही. ‘जेनेव्हिव’मध्ये असे होत नाही, याचे कारण मला वाटते, त्या गाड्यांचे मोल पैशात नाही हे कॉर्नेलियसने पहिल्यापासून आपल्या मनावर बिंबवले आहे. गाडी महाग असती तर पैज हा वेडेपणा झाला असता, लबाडी हा गुन्हा झाला असता, आणि रस्त्यावर बंद पडणे हे नुकसान झाले असते. ती कवडीमोल आहे म्हणूनच ती भांडणाला कारण होऊ शकते, बायकोला सवत वाटू शकते, आणि चिखलात ढकलताना हसू येऊ शकते. लॅरी अॅडलरने वाजवलेला माउथ ऑर्गन या चित्रपटाचे पार्श्वसंगीत आहे. खिशात मावणारे वाद्य निवडले, त्यातही हीच जाण दिसते.

या चित्रपटातला एक प्रसंग मात्र हलकाफुलका नाही, आणि माझ्या मते सारा चित्रपट त्याच्यासाठी आहे. लंडन जवळ आले आहे, स्पायकर मागून केव्हाही येईल अशी अवस्था आहे, एकेक क्षण मोलाचा आहे. अशा वेळी एक वृद्ध गृहस्थ जेनेव्हिवजवळ येतात. त्यांच्याकडेही एके काळी अशीच डराक होती. तिच्यातच त्यांनी आपल्या पत्नीला लग्नाचे विचारले होते. ते बोलत राहतात. अॅलन आधी उतावीळ होतो. मग त्याच्या ध्यानात येते, की या म्हाताऱ्या माणसाला इथे सोडून पळणे आपल्याला जमणार नाही. तो थांबतो. ऐकतो. पैज हरण्याची तयारी ठेवून ऐकतो. शेजारी बसलेली वेंडी नवऱ्याकडे पाहते, आणि दोन दिवस तिच्या मनात साचलेला सगळा राग कुठच्या कुठे जातो. ज्या माणसाशी आपण लग्न केले तो हा, हे तिला पुन्हा एकदा कळते.

हाही जुन्या गाडीच्या शौकिनांमधला संवादच आहे. आमच्या पार्ल्याच्या बैठकीत चालतो, त्याच जातीचा. पण त्यात एक प्रश्न कुणी विचारीत नाही: हिला आता किती येतील? म्हातारबुवा विचारीत नाहीत, अॅलन सांगत नाही. ‘मी ती विकायला नको होती’ अशी हळहळही त्यात नाही. गाडीविषयी जे बोलायचे ते सारे त्या एका आठवणीत बोलून होते. गाडी ही त्यांच्या दृष्टीने एक जागा आहे, जिथे आयुष्यातली एक गोष्ट घडली. शेवटी स्पायकरचे चाक ट्रामच्या रुळात अडकते आणि ती भलतीकडेच ओढली जाते. पुलापाशी येऊन बंद पडलेल्या जेनेव्हिवचा ब्रेक सुटतो आणि ती आपोआप घरंगळत पुलावर जाते. लंडनच्या ट्राम १९५२ च्या जुलैत बंद झाल्या होत्या. रूळ मागे उरले होते. म्हणजे एका म्हाताऱ्या गाडीला मेलेल्या ट्रामने जिंकून दिले. मरू घातलेल्या वस्तूंनी एकमेकींना हात द्यावा, असा हा शेवट आहे.

आता घराचे काय? बैठकीतल्या संभाषणाचा दुसरा अर्धा भाग तोच ना! ‘जेनेव्हिव’मध्ये घराच्या किमतीचा विषय निघत नाही, पण घर दिसते, आणि आजच्या प्रेक्षकाला ते न दिसते तर बरे झाले असते. अॅलन आणि वेंडी लंडनमधल्या एका ‘म्यूज’मध्ये राहतात. म्यूज म्हणजे श्रीमंतांच्या हवेल्यांच्या मागची पागांची गल्ली. खाली घोडे आणि बग्गी, वर सारथ्याचे बिऱ्हाड. घोडे गेले तेव्हा त्या पागांत मोटारी आल्या, आणि वरच्या माळ्यावर आमच्या अॅलनसारखी बेतशीर मिळकतीची जोडपी. तबेल्यावर राहण्यात तेव्हा कसली प्रतिष्ठा नव्हती. थोडी गंमत होती, इतकेच. आज केन्सिंग्टनच्या बाजूला त्याच पागांच्या किमती दहा लाख पौंडांपासून पुढे मोजायच्या असतात. घोड्याला जी जागा पुरे होती ती आता बॅरिस्टरलाही परवडत नाही!

त्या काळी घर हे घर का होते, याचे उत्तर चित्रपटाबाहेर सापडते. महायुद्धात घरे पडली होती, टंचाई भयंकर होती; म्हणून सरकारने वर्षाला तीन लाख घरे बांधण्याचे वचन दिले आणि १९५३ साली, म्हणजे ‘जेनेव्हिव’ पडद्यावर आला त्याच वर्षी, हॅरॉल्ड मॅकमिलन हे गृहनिर्माण मंत्री असताना ते पुरेही केले. सर्वसाधारण घराची किंमत तेव्हा दोन हजार पौंडांच्या आतबाहेर होती. ती कामगाराच्या सुमारे चार वर्षांच्या कमाईइतकी भरे. २०२२ साली इंग्लंडात तेच प्रमाण आठ वर्षांच्याही पुढे गेले होते. २०१९ मध्ये तिथे पुन्हा वर्षाला तीन लाख घरांचे वचन दिले गेले. ते मात्र साधले नाही. म्हणजे अॅलन आणि वेंडी यांना घराच्या किमतीवर बोलावे लागत नाही, हा त्यांच्या मनाचा मोठेपणा नव्हे. त्यांच्या काळाची ती कृपा होती. चित्रपटाच्या निरागसतेचे कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. पोट भरलेला माणूस भाकरीविषयी बोलत नाही, म्हणून तो निरिच्छ ठरत नाही.

आणखी एक उणीव सांगायलाच हवी. या चित्रपटातल्या दोन्ही स्त्रिया गाडीत बसतात, हाकणारे पुरुष. त्यांनी थंडीत कुडकुडायचे, ढकलायचे, आणि पुरुषांच्या हट्टापुढे मान तुकवायची. डायना शेरिडन आणि के केंडल या दोघींनी आपल्या अभिनयाने या दुय्यम जागेचा सूड उगवला आहे, ही गोष्ट निराळी. विशेषतः केंडल! ब्रायटनला मद्याच्या अमलाखाली ती सरळ उठून ट्रम्पेट हाती घेते आणि असे काही वाजवते, की दोन्ही मोटारी त्या वेळेपुरत्या कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. आमच्या पार्ल्याच्या बैठकीतही बायका नसतात. त्या वरून हाक मारतात, “चहा निवतोय!” आणि त्यांना गाडीविषयी काय वाटते हे कुणी विचारीत नाही.

वाचक म्हणतील, इंग्लंडातल्या मोटारी आणि इंग्लंडातली घरे. आमच्या दिवाळीत त्यांचे काय? तर मग ‘जेनेव्हिव’नंतर पाचच वर्षांनी, १९५८ साली, आपल्या मुंबईत निघालेला एक चित्रपट घेऊ. ‘चलती का नाम गाडी’ ज्याने पाहिला नाही असा मराठी घरातला माणूस मला तरी भेटलेला नाही. सत्येन बोस यांचे दिग्दर्शन, अशोककुमार, किशोरकुमार आणि अनूपकुमार हे तीन सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊ झालेले, आणि त्यांची १९२८ सालची शेव्हरोले. पण इथे जुनी गाडी हा शौक नाही. हे भाऊ गॅरेज चालवतात. दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणे हा त्यांच्या पोटाचा धंदा. जुनी गाडी त्यांच्याकडे आहे ती नवी परवडत नाही म्हणून.

पावसाळी रात्री मधुबालेची गाडी बंद पडते, ती गॅरेजात येते, धाकटा भाऊ झोपेतून उठून ती दुरुस्त करतो, आणि ती पैसे द्यायला विसरून निघून जाते. बिल किती? पावणेसहा रुपये! ते वसूल करायला तो तिच्या मागे जातो आणि प्रेमात पडतो. हिंदी चित्रपटांत प्रेमाची कारणे पुष्कळ पाहिली. पण इतके स्वस्त आणि इतके पटणारे कारण क्वचितच. ‘जेनेव्हिव’मध्ये किंमत नाही म्हणून विनोद फुलतो, इथे किंमत आहे, पण ती घामाची आहे, पै-पैचा हिशेब देता येईल अशी आहे. रात्रीच्या झोपेचे, हाताला लागलेल्या ग्रीसचे पावणेसहा रुपये. केलेल्या कामाचा मोबदला आणि वाट पाहण्याचा नफा यांतला फरक या चित्रपटाने एका बिलात सांगितला.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. हा लेख लिहायचा म्हणून मी अलीकडे ‘चलती का नाम गाडी’ पुन्हा पाहिला. मधुबाला भिजलेली उभी आहे, किशोरकुमार झोपेत बडबडतो आहे, आणि माझ्या मनात काय चालले असावे? हे गॅरेज मुंबईत नेमके कुठे असेल, जागा किती चौरस फूट असेल, आणि आजच्या भावाने तिचे किती होतील! मी चपापलो. आपण मोटारवाल्यांच्या बैठकीला बाहेरून ऐकतो अशी माझी समजूत होती. ती बैठक केव्हाच माझ्या आत येऊन बसली होती. किमतीचा रोग तो हा. तो हावरटपणाचा असता तर औषध सोपे होते. पण त्यात हाव फारशी नसते. तो नजरेचा रोग आहे. वस्तू समोर असते आणि दिसत नाही. तिच्या जागी आकडा दिसतो.

इथे किमतीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. बैठकीतले एक निवृत्त बँक अधिकारी मला म्हणाले, “किमती वाढल्या म्हणून तर या गाड्या वाचल्या. नाहीतर भंगारवाल्याने केव्हाच कापल्या असत्या.” ते खरे आहे. चित्रपटातली डराक हीदेखील दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारातूनच उचललेली होती. आणि जुन्या मोटारींचे वेड इंग्लंडात वाढवण्याचे श्रेय या चित्रपटालाच दिले जाते. ज्या चित्रपटाने किंमत विचारली नाही त्याने किंमत वाढवली, हा नियतीचा विनोद कॉर्नेलियसलाही सुचला नसता. पण वाचलेल्या गाडीचे पुढे काय होते? जेनेव्हिव न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया असा प्रवास करून युरोपात परतली आणि आता हेगच्या लाउमन संग्रहालयात उभी आहे. तिची वैरीण स्पायकरही त्याच संग्रहालयात आहे. दोघी सुरक्षित आहेत, लखलखीत आहेत; फक्त भांडण संपले आहे. आपल्याकडेही २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम झाला. वेगळी पाटी मिळते, मान मिळतो. मात्र ती गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, अशी अट. मोल वाढले, की वस्तू सोवळ्यात जाते. आमच्या स्नेह्यांनी ती पाटी अजून घेतलेली नाही, ती याच कारणासाठी.

राहता राहिला एक माणूस, ज्याचा उल्लेख मी मुद्दाम मागे ठेवला. बैठकीत सारे बोलत असतात तेव्हा फियाटच्या पोटात खरोखर हात घालून काम करणारा एक पोरगा असतो. वय पंचविशीच्या आतबाहेर. बदलापूरला आणखी दोघांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो, गाडी बदलून पार्ल्याला येतो. या संभाषणात त्याचा वाटा एकाच वाक्याचा: “काका, जरा सरका, अंधार येतोय.” एकदा मी त्याला विचारले, “काय रे, तुला नाही वाटत अशी एखादी घेऊन ठेवावी?” तो हसला आणि म्हणाला, “ठेवू कुठे, काका? मलाच ठेवायला जागा नाही इथे.”

त्या उत्तराने ते भरतवाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आले. ‘घेऊन ठेवायला हवी होती’ असे कोण म्हणू शकतो? ज्याला तेव्हा घेता येत होती तोच. म्हणजे ही हळहळ भरल्या घरातली आहे. एक मिळाली त्याला दुसरी न मिळाल्याची ती खंत. ज्याचा जन्मच भाव वाढल्यानंतर झाला, त्याच्या तोंडी हे व्याकरणच बसत नाही. त्याला भूतकाळ नाही आणि ‘हवी होती’ नाही, त्याला फक्त ‘हवी’ आहे. आपण वडीलधारी माणसे दिवाळीच्या फराळाला बसून जेव्हा जुने भाव आठवतो, तेव्हा समोर बसलेल्या नव्या जोडप्यांच्या घशाखाली चकली उतरत नसेल, हे आपल्या ध्यानात येत नाही. गप्पा आपल्या होतात, आणि हप्ते त्यांचे असतात.

म्हणून मला ‘जेनेव्हिव’मधले ते वृद्ध गृहस्थ पुन्हा आठवतात. त्यांचे वय आमच्या बैठकीचे, गाडीचे वेडही तेच. पण त्यांनी तरुण जोडप्यापुढे आपली हळहळ मांडली नाही. आपल्या आयुष्यातली एक सुंदर गोष्ट त्यांनी त्या दोघांच्या हाती ठेवली, आणि ते दोघे दोन दिवसांच्या भांडणातून बाहेर आले. वडिलधाऱ्यांचे बोलणे असेही असू शकते.

गेल्या रविवारी मी बैठकीत एक प्रयोग केला. स्नेह्यांना विचारले, “ही गाडी तुम्ही पहिल्यांदा कुठे नेली होती?” ते थोडे थांबले. मग म्हणाले, “खंडाळ्याला. लग्नानंतर. घाटात तापली. रेडिएटरमध्ये घालायला पाणी नव्हते, म्हणून हिने फिरकीच्या तांब्यातले ओतले. आणि शिंग्रोबाला नाणे टाकायचे राहिले होते, म्हणून असे झाले, असे मलाच वर ऐकवले!” वरच्या गॅलरीतून आवाज आला, “राहिलेच होते!” सारे हसले. त्यानंतर अर्धा तास प्रत्येक जण आपापल्या घाटाविषयी, आपापल्या तापलेल्या गाडीविषयी बोलला. चौरस फुटाचा भाव कुणी काढला नाही. पोरगाही हातातला पाना खाली ठेवून ऐकत उभा होता.

गाडी विकायची की नाही ते अजून ठरलेले नाही. जागेचा प्रश्न माझ्या लेखाने सुटणार नाही, हे मी जाणतो. एवढे मात्र ठरले आहे, की नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, लंडनच्या जुन्या मोटारी ब्रायटनला निघतील त्याच दिवशी, ही फियाट जुन्या रस्त्याने खंडाळ्याला जाणार. स्नेह्यांची नजर आता साथ देत नाही, म्हणून हाकणार तो बदलापूरचा पोरगा. पुढच्या आसनावर बाई बसणार, कारण शिंग्रोबाचे नाणे त्यांनी आत्ताच वेगळे काढून ठेवले आहे. मला मागे जागा मिळाली आहे. पाण्याचा डबा धरण्याचे काम माझ्याकडे.